मागच्या आसनावरचा श्रोता

नवी मोटार घेतली की ती प्रथम देवळाच्या आवारात आणायची, धर्मगुरूंकडून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचे आणि मगच ती दूरच्या प्रवासास काढायची, ही प्रथा पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबांत आता चांगलीच रुळली आहे. ‘नवी’ हा शब्द येथे थोडा सैल अर्थाने घ्यावा. पुष्कळदा ती गाडी कोणीतरी पाच-सात वर्षे वापरलेली असते. पण ज्या घरात कालपर्यंत सायकल आणि शटल गाडीचा पास एवढेच वाहनवैभव होते, त्या घरास ती नवीच. बोनेटवर झेंडूचा हार, आरशाला टांगलेली जपमाळ, डॅशबोर्डवर पवित्र मरियेची लहानशी मूर्ती, आणि भोवती सारे घरदार. आशीर्वादाचा विधी आटोपला की घरातला तरुण मुलगा आम्हांस हमखास म्हणतो, ‘फादर, दोन मिनिटे आत बसा आणि आवाज ऐका.’

आम्ही बसतो. दार लागते, गाणे सुरू होते, आणि आमच्या पाठीच्या कण्यास त्या गाण्याचा ठेका स्पष्ट कळतो. खिडकीच्या काचा थरथरतात. कानास मात्र गाण्याचे शब्द लागत नाहीत. ‘कसा आहे?’ या प्रश्नास ‘मोठा आहे’ असे उत्तर आम्ही देतो आणि त्या तरुणास ती शाबासकी वाटते.

मोटारीतील स्पीकर कोठे बसवावेत हा विषय एका धर्मगुरूने लिहिण्यासाठी निवडावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ऐकणे हा आमच्या व्यवसायाचा पायाच आहे. श्रद्धेचा उगम श्रवणात आहे, असे संत पौल रोमकरांस लिहितो. सेमिनरीत प्रवचनाचे धडे देणारे आमचे गुरुजन सांगत, की पहिल्या बाकावरच्या विद्वानाकडे पाहून बोलू नका. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडे पाहून बोला. तिला कळले तर सर्वांना कळले. मोटारीतही शेवटचे बाक असतेच. त्यावर बहुधा घरातली वडीलधारी माणसेच बसलेली असतात.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मोटारीत रेडिओ बसवण्याचा उद्योग अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने यशस्वी करून दाखवला. ‘मोटोरोला’ हे नाव त्या मोटार-रेडिओसाठीच घडवलेले. कंपनीला ते मागाहून मिळाले. पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन पोप अकरावे पायस यांच्या हस्ते झाले आणि पेत्राच्या वारसाचा आवाज प्रथमच साऱ्या जगाने ऐकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमधील ॲलन ब्लूमलाइन या तरुण अभियंत्याने एका पेटंटसाठी अर्ज केला. बोलपटात नट पडद्याच्या एका कडेस उभा असतो आणि त्याचा आवाज भलतीकडून येतो, ही विसंगती त्याला खटकली होती, असे सांगतात. तोंड जेथे आहे तेथूनच आवाज आला पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह. त्यातून दोन स्पीकरांची, आज आपण जिला ‘स्टिरिओ’ म्हणतो ती, पद्धत जन्मास आली. दुसऱ्या महायुद्धात रडारची चाचणी घेत असताना झालेल्या विमान-अपघातात १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, ब्लूमलाइन मृत्यू पावला. त्याचा आग्रह मात्र टिकला. चांगल्या आवाजाची पहिली कसोटी आजही तीच आहे: डोळे मिटले असता गाणारा आपल्या समोर उभा आहे असे वाटले पाहिजे.

आता या कसोटीवर आपली मोटार तपासून पाहावी. आपल्याकडील बहुतेक हौशी मंडळी मोठे लंबवर्तुळाकार स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर बसवतात. तेथे जागा असते, भोके पाडणे सोपे असते आणि बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसतात. परंतु पुढे बसलेल्या माणसाच्या दृष्टीने गाणारा त्याच्या पाठीमागे उभा राहून गात असतो. सभागृहात गेल्यावर रंगमंचाकडे पाठ करून कोणी बसत नाही. मोटारीत मात्र आपण तसे बसतो आणि त्यासाठी पैसेही मोजतो.

म्हणून पहिला नियम असा, की मुख्य आवाज पुढून यावा. पुढच्या दोन दारांत मोठे स्पीकर, आणि बारीक, उंच स्वरांसाठी असलेले छोटे ‘ट्वीटर’ आरशाजवळच्या त्रिकोणी कोपऱ्यात किंवा पुढच्या काचेच्या खांबापाशी. ट्वीटर वरच का, याचे कारण ध्वनिलहरींच्या लांबीत आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४५ मीटर जातो. सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जाची एक लहर त्यामुळे जवळजवळ साडेतीन मीटर लांब होते. ती सीटला, गुडघ्याला, कपड्याला वळसा घालून सगळीकडे पसरते, आणि ती कोठून आली हे कानाला नीट सांगताही येत नाही. म्हणूनच खर्जाचा डबा डिकीत ठेवला तरी चालते. परंतु सेकंदाला ५,००० कंपने असलेल्या स्वराची लहर जेमतेम ७ सेंटीमीटरची. तिला पुढच्या सीटची पाठ आडवी आली की ती तेथेच थांबते, गादीत आणि कापडात जिरून जाते. ट्वीटर दाराच्या तळाशी, चालकाच्या पोटरीजवळ बसवला, तर मागच्या सीटवरील माणसापर्यंत त्याचे काहीच पोहोचत नाही. ज्याला जो स्वर ऐकवायचा त्याचे कान त्या स्पीकरला ‘दिसले’ पाहिजेत, असे कारागीर मंडळी सांगतात, ते अगदी खरे आहे.

दुसरा नियम दारासंबंधी. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्यास मोठी भोके उघडी राहिली, तर पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांस भेटतात आणि खर्जाचे स्वर एकमेकांस पुसून टाकतात. ही भोके बंद करून पत्र्यास जाड चिकटपट्टा लावला, की त्याच स्पीकरमधून दुप्पट भरदार आवाज आल्यासारखे वाटते. तसेच तारांचे. एका स्पीकरच्या धन आणि ऋण तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक पडदा पुढे जात असताना दुसरा मागे येतो आणि गाण्याचा पायाच नाहीसा होतो. घड्याळातील दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडून पाहावा. धन बाजू धन बाजूस लागली असेल तर पडदा बाहेर येतो. एवढ्या चाचणीस ना अभियंता लागतो, ना खर्च.

तिसरी अडचण अशी आहे, की तिला पूर्ण उत्तर नाही. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातील स्पीकर त्याच्यापासून हातभर, डावा त्याहून अर्धा मीटर लांब. अर्धा मीटर म्हणजे दीड सहस्रांश सेकंदाचा उशीर. हा उशीर नगण्य वाटेल. परंतु डाव्या-उजव्याचा निर्णय कान ज्या फरकावरून करतो, तो दोन कानांमधला फरक पुरा एक सहस्रांशही नसतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचे निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध झाले. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर जो आधी पोहोचतो तेथूनच सारा आवाज आला असे कान ठरवून टाकतो, असे त्याने दाखवले. म्हणून चालकाला सारे गाणे उजव्या दारातून येते असे वाटते आणि त्याच्या शेजारी बसलेल्या पत्नीला डाव्या दारातून. एकाच गाडीत, एकाच वेळी, दोघांची गाणी वेगवेगळी. नव्या यंत्रांत जवळच्या स्पीकरला मुद्दाम थोडा उशीर लावून हा दोष दूर करता येतो. पण तो एकाच आसनापुरता. चालकासाठी आवाज मध्यभागी आणला की शेजारच्या व्यक्तीसाठी तो आणखी बिघडतो. तेव्हा यंत्र लावण्याआधी घरात एक प्रश्न विचारावा लागतो: ही गाडी कोणाच्या कानासाठी लावायची?

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबापुढे हा प्रश्न आला, आणि त्यांच्याच संमतीने, नावे वगळून, ती हकीकत येथे सांगत आहोत.

घरातले वडील तारापूर औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या एका कारखान्यात तीस वर्षे राबले. रोलिंग मिलच्या त्या खात्यात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावे लागे. उरलेले काम हातवाऱ्यांवर चाले. निवृत्त झाल्यावर मुलाने वापरलेली गाडी घेतली. बापाला मानाने मागे ऐसपैस बसवू लागला आणि मागच्या फळीवर दोन दणदणीत स्पीकर बसवले. रविवारी मिस्सेस येताना आणि सायंकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर जाताना भक्तिगीते लागत, आणि लांबच्या प्रवासात ध्वनिमुद्रित रोझरी. पूर्वी या घरात रोझरीची सुरुवात वडीलच करीत. आता ती यंत्र करू लागले. वडील मागे गप्प बसून राहत. काही दिवसांनी ते ‘मी घरीच थांबतो’ असे म्हणू लागले. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात सारे कुटुंब बांद्र्यास माउंट मेरीच्या सणाला निघाले. दरवर्षी न चुकता जाणारा हा माणूस गुडघ्याचे निमित्त सांगून घरी राहिला. सुनेने आम्हांस सांगितले, ‘फादर, बाबांचे गुडघे ठीक आहेत. त्यांना आमच्याबरोबर यायचेच नाही. देवाधर्मावरूनच मन उडाले की काय, कळत नाही.’

आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो. चहा झाला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘फादर, ऐकू येते हो. समजत नाही. गाडीत बसलो की डोक्यात मिल चालू झाल्यासारखे वाटते. कोणी काही विचारले तर मी नुसता हसतो. एकदा नातवाने विचारले, आजोबा, बरे वाटत नाही का? मी हसून हो म्हटले. सगळे घाबरले. त्यापेक्षा घरी बरा.’

‘ऐकू येते, पण समजत नाही’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. कारण गोंगाटाने आलेल्या बहिरेपणाचे इतके नेमके वर्णन दुसरे नाही. आपल्या अंतःकर्णात शंखासारखी एक वेटोळी नळी असते आणि तिच्यात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. वर्षानुवर्षे गोंगाट पडत राहिला की या पेशी मरतात. आणि एकदा मेल्या की माणसाच्या देहात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या, सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांच्या आसपासच्या. आता भाषेचा विचार करावा. आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात. ते शाबूत राहतात. परंतु स, श, च, फ, थ या व्यंजनांचा जीव वरच्या पट्टीत असतो. ती गेली की ‘सात’, ‘हात’ आणि ‘भात’ एकच होऊन बसतात. वाक्याचा देह ऐकू येतो, अर्थ हरवतो. यात आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. असा कान बारीक आवाज ऐकतच नाही. पण आवाज वाढवत नेला की एका मर्यादेनंतर तो एकदम असह्य होतो. म्हणून असा मनुष्य आधी ‘मोठ्याने बोला’ म्हणतो आणि लगेच ‘ओरडता कशाला?’ म्हणून चिडतो. घरच्यांना हा स्वभावदोष वाटतो. तो स्वभावाचा दोष नसून कानाची जखम असते.

अशा माणसाला मागच्या फळीवरील स्पीकरांपुढे बसवणे म्हणजे काय, हे आता उघड होईल. गाणे पुढे बसलेल्यांना पुरेसे व्हावे म्हणून चालक आवाज वाढवतो. पण ते स्पीकर वडिलांच्या मस्तकापासून हातभरही दूर नसतात. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. मोटारीच्या बंद पोटात हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, तरी कल तोच असतो. शिवाय त्या स्पीकरांची तोंडे वर काचेकडे. आवाज काचेवर आपटून, स्वतःतच मिसळून खाली येणार. म्हणजे ज्याला खर्ज नको त्याच्या वाट्यास सर्वांत जास्त खर्ज, आणि ज्याला व्यंजने हवीत त्याच्या वाट्यास व्यंजनांचा चुरा. घरातल्यांचे बोलणेही त्याला कळत नाही. पुढची माणसे पुढे पाहून बोलतात, त्यांचे शब्द समोरच्या काचेला जाऊन भिडतात आणि त्यांचे ओठ त्याला दिसत नाहीत. बहिरा होत चाललेला मनुष्य अर्धे डोळ्यांनी ऐकत असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

मुलाला हे सारे समजावून सांगितले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘त्यांना ऐकू यावे म्हणून तर मी मोठे स्पीकर घेतले.’ त्याच्या प्रेमात काही उणे नव्हते. उणे होते ते जागेत.

बोईसरात मोटारींचे साजसामान बसवणारा एक तरुण कारागीर आहे. शिक्षण फार नाही; पण कान उत्तम. त्याच्याकडे गाडी नेली. त्याने बापाला गाडीत बसवले, मुलाला बाहेर उभे केले आणि गाणे न लावता मोबाइलवरून मराठी बातम्या लावल्या. ‘संगीतावर चाचणी घेऊ नका,’ तो म्हणाला. ‘गाण्याचे शब्द आपल्याला पाठ असतात, म्हणून आपण ते ऐकू आले असे समजतो. बातम्या पाठ नसतात.’ आम्हांस हा मुद्दा प्रवचनासाठीही उपयोगी वाटला.

मग त्याने कामास हात घातला. मागच्या फळीवरचे स्पीकर काढले. पुढच्या दारांतील मूळचे स्पीकर तपासले, तर डाव्या दाराच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या. दारांची भोके बुजवली. दोन छोटे ट्वीटर आरशांजवळच्या कोपऱ्यांत, सीटच्या पाठींहून उंच, आणि एकमेकांच्या पलीकडच्या आसनाकडे किंचित वळवून बसवले. मागच्या दारांत दोन लहान स्पीकर ठेवले, पण अगदी हळू. खर्ज कमी केला. शेवटी आवाजाचे बटण अर्ध्याहून खाली आणले. मुलगा म्हणाला, ‘आता आवाजच नाही.’ बाप म्हणाला, ‘पाऊस कुठे पडणार म्हणाले? कोकणात?’ बातमीतला एक शब्द त्यांनी उचलला होता. नव्या खरेदीवर फारसा पैसा गेला नाही. गेली ती एक दुपार.

त्या कारागिराने आणखी एक गोष्ट सुचवली आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची. वडिलांचा उजवा कान डाव्यापेक्षा बरा होता. ‘मग त्यांना पुढे डावीकडे बसवा,’ तो म्हणाला. तेथे बसले की चालवणाऱ्या मुलाचे बोलणे त्यांच्या चांगल्या कानावर पडते, मान थोडी वळवली तर मुलाचे ओठ दिसतात, आणि मागची माणसेही जरा पुढे वाकून त्याच कानाशी बोलू शकतात. ज्यांचा डावा कान चांगला असेल त्यांनी मागे उजवीकडे बसावे. मग शेजारचे सारे त्यांच्या डाव्या हातास येतात. या व्यवस्थेस स्पीकर लागत नाही, तार लागत नाही. घरातल्या कोणीतरी आपली जागा सोडावी लागते, इतकेच. येथे ती सुनेने सोडली.

पुढच्या सप्टेंबरात हे कुटुंब पुन्हा बांद्र्यास निघाले, आणि वडील बरोबर होते. चिल्हार फाट्यावर अहमदाबाद-मुंबई महामार्ग लागला तेव्हा मुलाने नेहमीप्रमाणे ध्वनिमुद्रित रोझरी लावण्यासाठी हात पुढे केला. सुनेने मागून त्याचा हात धरला आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही सुरू करा.’ त्यांनी सुरू केली. वास्तविक रोझरी ही मुळातच दोन बाजूंची प्रार्थना आहे. ‘नमो मरिये’चा पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा भाग इतरांनी. एक आवाज पुढून, दुसरा मागून. कोणीही नुसता श्रोता नाही. यंत्र लावले म्हणजे दोन्ही बाजू यंत्रच म्हणते आणि माणसांना काही काम उरत नाही. ध्वनिमुद्रित प्रार्थनेस आमचा विरोध नाही. रुग्णशय्येवर एकाकी पडलेल्यांस तिचा केवढा आधार असतो, हे आम्ही पाहतो. पण पाच माणसे एका गाडीत बसली असता प्रार्थना करण्याचे काम सहाव्यावर का टाकावे?

आमच्या या जिल्ह्यात आवाजाच्या मांडणीचा एक फार जुना धडा उपलब्ध आहे. वारली बांधवांचे तारपा-नृत्य आपण पाहिले असेल. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ते आपल्या चित्रांतून जगभर पोहोचवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्या चित्रांत भोपळ्याचा तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि स्त्री-पुरुष हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. आवाज मध्ये, माणसे भोवती. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास तो जवळपास सारखाच येतो, आणि फेर धरणारे एकमेकांस दिसतात. मोटारीत नेमके उलटे असते: माणसे मध्ये कोंबलेली, आवाज भोवती, आणि प्रत्येकाचे अंतर निराळे. ही विषमता कोणत्याही यंत्राने पूर्णपणे नाहीशी होणार नाही. एकाला उत्तम देण्यापेक्षा सर्वांना पुरेसे द्यावे, आणि सर्वांत कमी ज्याला ऐकू येते त्याच्यापासून मापायला सुरुवात करावी, एवढेच करता येते. कुटुंबाची गाडी ही स्पर्धेची गाडी नव्हे.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द कठोरपणे लिहावेत असे वाटते. तारापूर वसाहतीत पोलाद, कापड, रसायने, औषधे यांचे शेकडो कारखाने आहेत आणि आपली कितीतरी मुले तेथे पाळीने जातात. आपल्या राज्याच्या कारखाना नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. १९४८च्या कारखाने अधिनियमाला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता. जागतिक आरोग्य संघटना करमणुकीच्या ऐकण्यासाठी मोठ्या माणसास आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास पुरेत असे सांगते. आणि आवाज जसजसा वाढतो तसतसे हे तास झपाट्याने घटतात. जो मुलगा आठ तास यंत्राजवळ उभा राहतो आणि घरी परतताना काचा थरथरवणारे गाणे लावतो, त्याच्या कानास विश्रांती कधी? शिवाय काचा बंद असल्या तरी खर्ज बाहेर जातोच. तो शेजारच्या खाटेवरील आजाऱ्यास आणि अभ्यास करणाऱ्या पोरास भोगावा लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरवली आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेला ही आकडेवारीतील एक तळटीप समजावी.

एलिया संदेष्टा होरेब पर्वतावर उभा होता तेव्हा प्रचंड वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला. परमेश्वर त्यांपैकी कशातच नव्हता. मागून एक मंद, हळुवार ध्वनी आला आणि तो ऐकून एलियाने आपले तोंड झाकून घेतले. त्या पर्वतावर तीस वर्षे रोलिंग मिलमध्ये काढलेला मनुष्य उभा असता, तर वारा, भूकंप, अग्नी हे तिन्ही त्याला ऐकू आले असते. चौथा ध्वनी कदाचित आला नसता. ही कल्पना आम्हांस अस्वस्थ करते. कान गमावणे म्हणजे काय गमावणे, याचा हिशेब डेसिबलमध्ये होत नाही.

त्या वडिलांची पुढे रीतसर श्रवणचाचणी झाली. आलेखावरची रेघ ४,०००च्या जागी खड्ड्यात उतरावी तशी खाली गेलेली. जे गेले ते परत येणार नाही, हे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. आता श्रवणयंत्र आहे. गाडीत ते कधी लावतात, कधी खिशात ठेवतात. मुलगा त्याच वसाहतीत कामाला आहे. कानात घालायचे फोमचे बोळे त्याला मिळाले आहेत. रोज पाळीवर जाताना वडील दारात उभे राहून आपल्या कानाकडे बोट दाखवतात. मुलगा खिशावर हात मारून, बोळे आहेत, अशी खूण करतो. वडील मान हलवतात. खिशावरून बोट पुन्हा कानाकडे नेतात, आणि तो ते घालेपर्यंत दारातून हलत नाहीत.

गाडीचे काम काढणार असाल, तर दुकानात जाताना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसास बरोबर न्या, आणि पहिल्यांदा त्यांना बसवून विचारा, काय ऐकू आले ते.